स्विचच्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीची सेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, मडगाव, वेर्णा, जिथे जिथे आपली मुलं नेटवर्कचं काम करतात तिथून फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच टाकूया. स्विच म्हणजे मशीनांच्या केबल जिथे एकत्र येतात तो डबा, पोर्ट म्हणजे त्यातली केबल लावायची जागा, आणि स्पॅनिंग ट्री म्हणजे केबलींचं वर्तुळ, म्हणजे लूप, होऊ न देणारी स्विचमधली सोय. कमांड मी सिस्कोच्या धरल्यात कारण बहुतेकांना त्याच तोंडपाठ असतात, बाकी कंपन्यांची नावं पुढे दिलीत.

एका केबलने अख्खं हॉटेल बंद पडतं, असं होतं तरी कसं?

इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे स्विचमधून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, आयुष्याची मर्यादा नसते, ही मुळातली गोष्ट आहे. आयपी पॅकेटमध्ये टीटीएल (अजून किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) असतो, प्रत्येक राउटरला तो एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट मरतं, पण स्विचमधून फिरणाऱ्या फ्रेमला असलं काही नाही, त्यामुळे दोन स्विचमध्ये दोन वाटा झाल्या की एक ब्रॉडकास्ट फ्रेम (सगळ्यांसाठी पाठवलेली) गोल गोल फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीत तिच्या कॉपी बाकीच्या सगळ्या पोर्टवर जातात. काही सेकंदात सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात, मॅक टेबल (कुठल्या मशीनचा मॅक, म्हणजे पत्ता, कुठल्या पोर्टवर आहे याची स्विचची यादी) भरकटतं, कारण एकच मॅक आत्ता या पोर्टवर दिसतो तर पुढच्या क्षणी त्या पोर्टवर, स्विचचा सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो आणि तुम्हाला लॉगिनसुद्धा मिळत नाही.

बार्देशात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात ऐन डिसेंबरच्या सीझनमध्ये हे मी स्वतः बघितलंय. रूम साफ करताना कुणीतरी आयपी फोनच्या दोन्ही केबल भिंतीतल्या दोन्ही पॉइंटमध्ये लावल्या, चांगल्या मनाने लावल्या, मोकळी लोंबणारी केबल दिसली तर कुणीही तेच करेल. बिलिंग बंद, रूमच्या चाव्या बनवायचं मशीन बंद, कॅमेरे बंद, रिसेप्शनसमोर बॅगा घेऊन माणसं उभी. आम्ही मजल्यामजल्यावर जाऊन अपलिंक (स्विच ते स्विच जाणाऱ्या केबल) काढत बसलो, दोन तास गेले. नंतर कॉन्फिग बघितली तर स्पॅनिंग ट्री बंदच केलेलं होतं. का, तर त्याआधी कधीतरी गेस्टचा लॅपटॉप लावला की तीस सेकंद नेट येत नाही अशी तक्रार होती आणि कुणीतरी त्यावर हा उपाय काढलेला. त्या तीस सेकंदांवर बरोबर उपाय एका पोर्टवरच्या एका ओळीचा आहे, आणि हे सगळं लिहिण्यामागचं खरं कारण तेच आहे.

स्पॅनिंग ट्री म्हणजे थोडक्यात काय?

रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना हे शोधलं, १९९० मध्ये ८०२.१डी म्हणून स्टँडर्ड झालं, २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू म्हणजे रॅपिड आलं. सगळे स्विच मिळून एकाला रूट ठरवतात, बाकीचे प्रत्येक जण रूटकडे जाणारी सगळ्यात स्वस्त वाट निवडतात आणि उरलेल्या वाटा बंद करून ठेवतात, काढून टाकत नाहीत, बंद ठेवतात, म्हणजे मुख्य केबल तुटली की दुसरी उघडते. यासाठी दर दोन सेकंदांनी एक छोटा निरोप जातो, त्याला बीपीडीयू म्हणतात. पुढचं सगळं या बीपीडीयूभोवतीच फिरतं.

पीसी लावल्यावर अर्धा मिनिट नेट येत नाही, कधी कधी १६९.२५४ वाला आयपी येतो. का?

पोर्ट वर आला की जुनं स्पॅनिंग ट्री त्याला १५ सेकंद लिसनिंगमध्ये ठेवतं आणि आणखी १५ सेकंद लर्निंगमध्ये, त्या तीस सेकंदांत पीसी डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरला) हाका मारून दमतो आणि स्वतःच आयपी घेऊन बसतो. शाळेच्या लॅबमध्ये नेटवर्कवरून बूट होणारी मशीनं असली तर ती बूटच होत नाहीत.

आणि हो, रॅपिड लावलं म्हणजे हा प्रश्न संपला असं समजू नका. रॅपिडमध्ये स्विच समोरच्याला प्रस्ताव पाठवतो आणि होकार आला की लगेच उघडतो, पण समोर पीसी असेल तर होकार देणार कोण, पीसीला स्पॅनिंग ट्री कळतच नाही, मग पोर्ट परत तेच तीस सेकंद थांबतो. म्हणून रॅपिड असलं तरी पीसीच्या पोर्टला एज पोर्ट म्हणून सांगावंच लागतं. सिस्कोत इंटरफेसमध्ये जाऊन स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट, नवीन आयओएसमध्ये (सिस्को स्विचच्या सॉफ्टवेअरमध्ये) शेवटी एज हा शब्दही लागतो. झालं.

पोर्टफास्ट मग सगळ्याच पोर्टवर मारून टाकू का?

नको. पीसी, प्रिंटर, कॅमेरा, आयपी फोन, बायोमेट्रिक मशीन, पीओएस (बिलिंगचं मशीन), असं जिथे केबल संपते तिथे लावा. स्विच ते स्विच जाणाऱ्या पोर्टवर लावू नका.

मधल्या भानगडी अशा: एकापेक्षा जास्त व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) असलेला ॲक्सेस पॉइंट किंवा व्हर्च्युअल मशीनवाला सर्व्हर असेल तर तो पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणारा) असतो, तिथे नुसतं पोर्टफास्ट चालत नाही, पोर्टफास्ट ट्रंक असं वेगळं द्यावं लागतं. आणि दोन बिल्डिंगमध्ये जे वायरलेस रेडिओ लावतो आपण, रस्त्यापलीकडच्या गोडाऊनला नेट द्यायला, तो दिसायला ॲक्सेस पॉइंटसारखा असला तरी पलीकडे स्विच आहे हे विसरू नका, तो अपलिंक आहे, त्याला पोर्टफास्ट नाही. ही चूक मी बऱ्याच जागी बघितलीय.

बीपीडीयू गार्ड लावायलाच पाहिजे का?

माझ्या मते हो, पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड ही जोडी आहे, एक लावलं की दुसरं लावायचं. पोर्टफास्ट म्हणजे तुम्ही स्विचला सांगता की इथे दुसरा स्विच नाही, विश्वास ठेव. बीपीडीयू गार्ड म्हणजे, आणि तरीही इथून बीपीडीयू आला तर कुणीतरी काहीतरी जोडलंय, पोर्ट बंद कर. पोर्ट एर-डिसेबल्ड होतो, दिवा जातो, एका टेबलाचं नेट जातं पण बाकी ऑफिस चालू राहतं, आणि तो एकटा माणूस फोन करतो तेव्हा तुम्हाला नेमकं कुठे बघायचं ते कळतं.

सगळीकडे एकेक पोर्टवर लावायचा कंटाळा असेल तर ग्लोबलला (म्हणजे अख्ख्या स्विचला) स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट बीपीडीयूगार्ड डिफॉल्ट द्या, मग ज्या ज्या पोर्टवर पोर्टफास्ट चालू आहे तिथे गार्ड आपोआप येतो.

बंद पडलेला पोर्ट परत चालू कसा करायचा?

आधी केबलचं दुसरं टोक बघा. कारण न काढता पोर्ट चालू केला तर दोन सेकंदांत परत पडणार. मग शटडाउन, नो शटडाउन.

आपोआप चालू व्हायला हवा असेल तर एरडिसेबल रिकव्हरी कॉज बीपीडीयूगार्ड द्यावं लागतं, ते मुळात बंद असतं, आणि दिल्यावर ३०० सेकंदांनी पोर्ट स्वतः प्रयत्न करतो. पणजीत बसून पणजीचंच ऑफिस बघत असाल तर नसलं तरी चालेल, पण साइट काणकोणला किंवा सत्तरीत आत कुठेतरी असेल आणि भर पावसात एका पोर्टसाठी अर्धा दिवस जाणार असेल तर रिकव्हरी लावूनच ठेवा.

बीपीडीयू फिल्टर हा गार्डचाच मवाळ भाऊ ना?

नाही नाही, नाव सारखं असलं तरी काम उलटं आहे. इंटरफेसवर फिल्टर लावलात की तो पोर्ट बीपीडीयू पाठवत नाही आणि आलेला बघतही नाही, म्हणजे त्या पोर्टपुरतं स्पॅनिंग ट्री बंद. तिथे लूप झाला तर कुणालाच कळणार नाही. ग्लोबलला पोर्टफास्टसोबत दिलेला फिल्टर थोडा वेगळा वागतो, बीपीडीयू आला तर तो पोर्टफास्ट आणि फिल्टर दोन्ही सोडून पोर्टला साधा पोर्ट करतो. तरीसुद्धा रोजच्या कामात मी फिल्टर वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका, दुसऱ्याच्या नेटवर्कला आपले बीपीडीयू जाऊ नयेत अशा ठरवून केलेल्या जागीच तो लागतो.

रूट गार्ड आणि लूप गार्ड, मी नेहमी गोंधळतो.

असं लक्षात ठेवा. रूट गार्ड नको तो बीपीडीयू *आला* तर जागा होतो, लूप गार्ड हवा तो बीपीडीयू *यायचा थांबला* तर.

रूट गार्ड मुख्य स्विचच्या खाली जाणाऱ्या पोर्टवर लावायचा. खालून कुणी स्वतःला मोठा रूट म्हणवत आला तर तो पोर्ट रूट-इनकन्सिस्टंट होऊन अडतो, आणि ते बीपीडीयू थांबले की स्वतःच मोकळा होतो, तुम्हाला काही करावं लागत नाही. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या भाडेकरूचा स्विच तुमच्याला जोडलेला असेल तर हा हवाच.

लूप गार्ड खालच्या स्विचच्या रूट पोर्टवर आणि बंद ठेवलेल्या पोर्टवर. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त का ते सांगतो. दोन बिल्डिंगमध्ये फायबर असते, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या केबलला जोडणारे डबे), पावसात डक्टमध्ये पाणी भरतं, उंदीर कुरतडतात, आणि दोन तारांपैकी एकच तार जाते. कन्व्हर्टरमुळे स्विचला लिंक वरच दिसते पण एका बाजूने बीपीडीयू येत नाहीत. बंद पोर्टला वाटतं समोर कुणी नाही, म्हणून तो उघडतो, आणि लूप तयार, कुणीही केबलला हात न लावता. लूप गार्ड असेल तर तो पोर्ट उघडायच्या ऐवजी लूप-इनकन्सिस्टंट होऊन गप्प बसतो. समुद्राजवळच्या साइटवर खाऱ्या हवेने पॅच कॉर्डचे पिन गंजतात, तिथेही बीपीडीयू अधूनमधून हरवतात, तोच धोका. एकाच पोर्टवर रूट गार्ड आणि लूप गार्ड दोन्ही चालत नाहीत, कुठल्या पोर्टला काय लागतं ते वर सांगितलंच.

रूट कुठला स्विच होतो आणि मला ठरवता येतो का?

ठरवायलाच पाहिजे. सगळ्या स्विचची प्रायोरिटी मुळात ३२७६८ असते, सगळ्यांची सारखी, मग बरोबरी मोडायला मॅक ॲड्रेस बघितला जातो आणि सगळ्यात लहान मॅकवाला जिंकतो. लहान मॅक बऱ्याचदा सगळ्यात जुन्या स्विचचा निघतो. कुंडईतल्या एका कारखान्यात स्टोअर रूममधला जुना शंभर एमबीपीएसचा स्विच रूट झालेला, नवीन गिगाबिटचे स्विच घेऊनही सगळं ट्रॅफिक त्या म्हाताऱ्याच्या अंगावरून जायचं आणि सगळे म्हणायचे नेट स्लो आहे, इंटरनेटवाल्याला बोल लावायचे.

प्रायोरिटी ४०९६ च्या पटीतच देता येते, ० ते ६१४४०. मी कोअरला (मुख्य स्विचला) ४०९६ देतो आणि दुसऱ्या क्रमांकाला ८१९२, म्हणजे पहिला गेला तर कोण रूट होणार तेही आपल्या हातात राहतं. रूट प्रायमरी म्हणून तयार कमांड आहे, ती साधारण २४५७६ लावते, पण ती एकदाच मोजून आकडा ठेवते, नंतर कुणी त्याहून लहान आकड्याचा स्विच आणला तर परत लढत नाही, म्हणून आकडा स्वतः द्यावा.

व्हीलॅन १ ला ३२७६९ का दिसतं हाही नेहमीचा प्रश्न. प्रायोरिटीत व्हीलॅनचा नंबर मिळवलेला असतो, ३२७६८ अधिक १. व्हीलॅन २० ला ३२७८८ दिसेल. बिघाड नाही.

दोन अपलिंक आहेत, मला दुसरी वापरायची आहे. कॉस्ट बदलू की पोर्ट प्रायोरिटी?

इथे सगळ्यात जास्त माणसं अडकतात, म्हणून सावकाश सांगतो.

वाट निवडताना स्विच क्रमाने बघतो: रूट कोण, मग रूटपर्यंतची एकूण कॉस्ट, मग निरोप पाठवणाऱ्या स्विचचा आयडी, मग पाठवणाऱ्याच्या पोर्टचा आयडी. लहान जिंकतो. पहिल्याच पायरीवर निकाल लागला तर पुढचं बघत नाही.

कॉस्ट वेगावरून ठरते. जुन्या पद्धतीत १० एमबीपीएसला १००, १०० एमबीपीएसला १९, १ गिगाबिटला ४, १० गिगाबिटला २. नव्या लांब पद्धतीत १०० एमबीपीएसला २,००,०००, १ गिगाबिटला २०,०००, १० गिगाबिटला २,०००. दोन कंपन्यांचे स्विच एकत्र असतील तर एक जुन्या आकड्याने मोजतो आणि दुसरा नव्या, आणि मग वाट भलतीच निवडली जाते, तेव्हा सगळीकडे लांब पद्धत करून घ्या, सिस्कोत पाथकॉस्ट मेथड लाँग.

आता समजा तळमजल्यावर रूट आहे आणि पहिल्या मजल्याच्या स्विचला दोन गिगाबिट केबल गेल्यात, पोर्ट २३ ला २३ आणि २४ ला २४. कॉस्ट सारखी, पाठवणारा सारखा, म्हणून शेवटी पाठवणाऱ्याचा पोर्ट बघितला जातो आणि २३ जिंकतो. तुम्हाला २४ हवा. पोरं काय करतात, वरच्या स्विचवर जाऊन २४ ची पोर्ट प्रायोरिटी कमी करतात आणि मग म्हणतात काही फरक पडला नाही. पडणारच नाही, कारण बघितली जाते ती *पाठवणाऱ्याची* प्रायोरिटी, म्हणजे तळमजल्यावरच्या रूटची. तिथे २४ ची प्रायोरिटी १२८ वरून ६४ करा, वर लगेच वाट बदलेल. कॉस्टचं मात्र उलटं, ती बीपीडीयू जिथे येतो तिथे मिळवली जाते, म्हणून ती वरच्या स्विचवरच बदलायची, २४ ची कॉस्ट ४ ऐवजी ३ करा किंवा २३ ची वाढवा.

मी स्वतः कॉस्टच बदलतो. ज्या स्विचची वाट बदलायची त्याच स्विचवर सेटिंग राहते, सहा महिन्यांनी दुसरा कुणी आला तरी त्याला सापडते. आणि दोन्ही केबल एकाच वेळी वापरायच्या असतील तर स्पॅनिंग ट्रीच्या मागे लागूच नका, दोघींची एक लिंक करा, एलएसीपी लावून.

माझ्याकडे सिस्को नाही, ही नावं मला कुठेच दिसत नाहीत.

एज पोर्ट हे नाव बहुतेकांकडे मिळेल. एचपी आणि अरुबाच्या स्विचवर ॲडमिन-एज-पोर्ट, गार्डला बीपीडीयू-प्रोटेक्शन. टीपी-लिंकमध्ये बीपीडीयू प्रोटेक्ट, रूट प्रोटेक्ट, लूप प्रोटेक्ट. मायक्रोटिकमध्ये ब्रिजच्या पोर्टवर एज आणि बीपीडीयू-गार्ड आहे, रूट गार्डला रिस्ट्रिक्टेड-रोल म्हणतात, आणि प्रायोरिटी हेक्समध्ये ८००० दिसते, ते आपलंच ३२७६८. काही स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री डब्यातून बंदच येतं, तेव्हा नवीन स्विच लावला की सगळ्यात आधी ते चालू आहे का बघा.

टेबलाखाली कुणीतरी पाच पोर्टचा साधा स्विच लावलाय, तो चालेल का?

शक्यतो काढा, त्याजागी दुसरी केबल ओढा. काढता येत नसेल तर तुमच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड ठेवा. तो साधा स्विच स्वतः बीपीडीयू बनवत नाही म्हणून नुसता लावल्याने पोर्ट पडत नाही, पण त्याच्याच दोन पोर्टना एकमेकांत केबल लावली तर तुमचाच बीपीडीयू फिरून परत येतो आणि गार्ड पोर्ट पाडतो, जे हवंच आहे. अडचण एवढीच की काही स्वस्त स्विच बीपीडीयू पुढे जाऊच देत नाहीत, तिथे गार्डला काही कळत नाही, म्हणून अशा पोर्टवर स्टॉर्म कंट्रोलही लावा, म्हणजे ब्रॉडकास्टला मर्यादा घाला.

टॉपॉलॉजी चेंजचा आकडा वाढतच चाललाय, काळजीचं आहे का?

टॉपॉलॉजी चेंज म्हणजे स्विचमधल्या वाटांच्या मांडणीत झालेला बदल. दिवसभरात दोन चार ठीक, मिनिटाला वाढत असेल तर हो. प्रत्येक बदलाला स्विच शिकलेले मॅक लवकर विसरतात, जुन्या पद्धतीत ३०० सेकंदांऐवजी १५ सेकंदांत, रॅपिडमध्ये लगेच, आणि मग काही काळ सगळं सगळीकडे पाठवतात, त्याने नेट जड होतं. शो स्पॅनिंग-ट्री डिटेल द्या, शेवटचा बदल कुठल्या पोर्टवरून आला ते तिथेच लिहिलेलं असतं, त्या पोर्टच्या मागे मागे जा. बऱ्याचदा पोर्टफास्ट नसलेला पीसीचा पोर्ट निघतो, संध्याकाळी ऑफिस सुटताना सगळे पीसी बंद करतात आणि आकडा उड्या मारतो. पोर्टफास्टवाला पोर्ट असा बदल कळवतच नाही, पोर्टफास्टचा हाही एक फायदा.

टायमर कमी केले तर लवकर उघडेल ना?

हात लावू नका. हॅलो (दर किती सेकंदांनी बीपीडीयू जातो) २, मॅक्स एज (आलेला बीपीडीयू किती सेकंद खरा धरायचा) २०, फॉरवर्ड डिले (लिसनिंग आणि लर्निंगमधले सेकंद) १५ हे आकडे सात स्विचच्या पल्ल्याचा हिशोब करून ठरलेत. घाई असेल तर रॅपिड वापरा, तिथे तीन हॅलो चुकले की सहा सेकंदांत कळतं आणि केबलच तुटली तर त्याहून लवकर. आणि एकापुढे एक स्विच जोडत रांग लांबवू नका. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या हॉस्पिटलचं नेटवर्क स्पॅनिंग ट्रीच्या पल्ल्याबाहेर वाढल्यामुळे कोसळलं आणि जवळपास चार दिवस डॉक्टर कागदावर काम करत होते.

हाफ डुप्लेक्सचा याच्याशी काय संबंध?

रॅपिडला लगेच उघडायला लिंक पॉइंट-टू-पॉइंट लागते आणि ते तो डुप्लेक्सवरून ठरवतो (फुल म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे डेटा, हाफ म्हणजे एका वेळी एकाच बाजूला). हाफ दिसलं की शेअर्ड समजतो आणि परत तीस सेकंद. केबल किंवा स्पीडची सेटिंग बघा.

सगळं लावलं, आता तपासू कसं?

ऑफिस सुटल्यावर, सांगून सवरून, एका टेबलाच्या पोर्टवर दुसरा मॅनेज्ड स्विच (स्पॅनिंग ट्री चालू असलेला) लावा, पोर्ट लगेच पडला पाहिजे. मग मुख्य अपलिंक काढा आणि पिंग चालू ठेवून किती सेकंद गेले ते मोजा. शो स्पॅनिंग-ट्रीमध्ये रूटचा मॅक तुमच्याच कोअरचा आहे ना बघा, प्रत्येक स्विचवर जाऊन बघा. आणि राइट मेमरी द्या. जूनमध्ये पहिल्या गडगडाटात वीज जाते, यूपीएस सुद्धा दम सोडतो, आणि सेव्ह न केलेला स्विच पहाटे उठतो तो जुन्याच कॉन्फिगने.